घटसर्प की फऱ्या? सूज दाबून बघा

पहिला दमदार पाऊस झाला की आठ-पंधरा दिवसांत कुठून तरी बातमी येतेच : रात्री रवंथ करत बसलेलं जनावर सकाळी आडवं. मग पारावर दोन तट पडतात. कुणी म्हणतं घटसर्प, कुणी म्हणतं फऱ्या. दोन्ही रोग पावसाळ्यातले, दोन्हींत अंगावर सूज येते, ताप १०५-१०७ अंशांपर्यंत चढतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जनावर एक-दोन दिवसांत जातं. गल्लत होणारच.

घटसर्प गळ्याचा. सूज घशाखाली येते आणि गळ्याच्या पोळीपर्यंत उतरते. ती गरम असते, दुखते, आणि बोट दाबलं तर भिजल्या कणकेसारखा खड्डा राहतो. लाळ गळते, श्वासाची घरघर लांबून ऐकू येते. गाईबैलांनाही होतो, पण म्हशी जास्त बळी पडतात. (लहान मुलांच्या घशाच्या आजारालाही आपण घटसर्पच म्हणतो. त्याचा जंतू वेगळा, जनावराकडून पोराला तो लागत नाही.)

फऱ्या मांडीचा. फरा म्हणजे जनावराची मांडी, रोगाचं नावच त्यावरून पडलं. कधी खांद्यावर, मानेवरही सूज येते आणि घोळ तिथेच होतो. सहा महिने ते दोन वर्षांचं, गोठ्यातलं सगळ्यांत धष्टपुष्ट वासरू हा नेमका धरतो. म्हशीत क्वचित.

आमचं दीड वर्षाचं खोंड एका सकाळी लंगडायला लागलं. पाय मुरगळला असेल म्हणून वडिलांनी तेल चोळलं. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी माझाच हात धरून मांडीवर दाबला. कातड्याखाली चरचर वाजलं, वाळक्या पाचोळ्यावर पाय पडावा तसं. सकाळी हात लावू न देणारं खोंड आता दाबलं तरी हललं नाही, सूजही गार लागली. मला वाटलं, उतार पडतोय. डॉक्टर काही बोलले नाहीत. आतलं मांस मेलं होतं आणि त्यात वायू भरला होता. रात्री खोंड गेलं.

दोन रोगांतला खरा फरक मात्र जंतू राहतो कुठे, यात आहे. घटसर्पाचा जंतू निरोगी दिसणाऱ्या जनावराच्या घशातही दबा धरून असतो. पावसात भिजणं, उपासमार, अतिश्रम यांनी अंगातली ताकद खचली की तो उसळतो आणि लाळेतून, चाऱ्या-पाण्यातून शेजारच्या दावणीला जातो. म्हणून आजारी जनावर ताबडतोब वेगळं बांधायचं, त्याची बादलीसुद्धा वेगळी. फऱ्या एका जनावराकडून दुसऱ्याला असा लागत नाही. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि चरताना पोटात जातात. म्हणजे इथे जनावरापेक्षा कुरणावर नजर हवी. ज्या पड जमिनीत एकदा फऱ्या झाला, तिथे पुन्हा होतो.

दोन्ही रोग जंतूंचे, त्यामुळे प्रतिजैविक चालतं, पण पहिल्या काही तासांत. फऱ्यात पेनिसिलिनवर भिस्त असते, घटसर्पात सल्फा किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन. मात्रा डॉक्टरच ठरवतील. लोखंड तापवून डाग देण्यात अर्धा दिवस घालवणारे अजूनही भेटतात. जंतू रक्तात किंवा मांसात असताना कातडं भाजून काय होणार?

मेलेलं जनावर फाडू नका, कातडंही काढू नका. फऱ्याचे बीजाणू मातीत सांडतात. शिवाय नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलेलं असेल तर तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. खोल खड्डा, वर चुना, आणि ती जागा चराईतून बाद.

लस दोन्हींवर आहे, एकत्रही मिळते. पुण्यात औंधची शासकीय संस्था या लसी तयार करते. टोचल्यावर ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून टोचायची मे महिन्यात, पाऊस पडायच्या आधी. आमच्या खोंडाची तारीख पेरणीच्या धांदलीत राहून गेली होती.