सावंतवाडीचा राजवाडा (वारसा हॉटेल)

सिंधुदुर्ग जिल्ह्यात सावंतवाडी शहरात मोती तलावाच्या काठी असलेला सावंत-भोसले राजघराण्याचा वाडा. घराणं अजून इथेच राहतं, आणि आवारातल्याच ताईसाहेब वाड्यात त्यांनी हॉटेल सुरू केलंय, म्हणजे घर आणि हॉटेल दोन्ही एकाच कुटुंबाकडे. शहराचं जुनं नाव सुंदरवाडी. लागूनच नरेंद्र डोंगर, वर आंबोलीचा घाट, खाली वेंगुर्ल्याचा समुद्र.

वाडा नेमका कधी बांधला यावर मात्र जरा थांबायला हवं. बऱ्याच ठिकाणी '१७५५ ते १८०३' असं सरळ छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की काम ४८ वर्षं चाललं होतं, पण ही दोन्ही सालं खेम सावंत तिसरे यांच्या कारकिर्दीची आहेत, बांधकामाची नाहीत. त्यामुळे 'त्यांच्या काळातला' एवढंच म्हणणं बरं. आज दिसतं ते सगळं एका पिढीचं नाहीच. समोरचा मोती तलाव १८७४ चा, वाड्याचं प्रवेशद्वार लेस्टर गेट १८९५ चं. जांभ्या दगडाचं लालसर बांधकाम कोकणातलंच, पण कमानींवर आणि दरबार हॉलवर इंग्रजी वळण स्पष्ट दिसतं, त्यावरून हा भाग एकोणिसाव्या शतकातला असावा हे मत जास्त पटतं.

हॉटेलची खरी ओळख गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते आणि त्यांचा खेळ. खोल्यांची सजावट याच गोल पत्त्यांवरच्या चित्रांवरून केलेली आहे. गंजिफा हा शब्द साधारणपणे फारसी 'गंज' म्हणजे खजिना याच्याशी जोडतात, पण शब्दाच्या उरलेल्या अर्ध्या भागाचं काय, यावर एकमत नाही. भारतातला जुना आणि पक्का उल्लेख बाबराच्या आठवणींत आहे, १५२७ मध्ये त्याने सिंधला शाह हसनकडे गंजिफा पाठवल्या होत्या. सावंतवाडीत खेळ कसा आला याची नेहमी सांगितली जाणारी हकिकत अशी की खेम सावंत तिसरे यांना तो तेलंगणाकडून आलेल्या विद्वानांनी दाखवला. वाड्याच्या आणि खेळाच्या दोन्ही गोष्टी एकाच राजापाशी येऊन थांबतात, तेव्हा तारखांच्या बाबतीत इथेही सावध राहिलेलं बरं.

मुघल गंजिफात ८ रंग आणि ९६ पत्ते, दशावतारीत १० रंग आणि १२० पत्ते. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मजा अशी की अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा, म्हणून नवीन माणूस हमखास गोंधळतो. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा.

पत्ता बनवायची जुनी पद्धत अशी: कापड किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा हात द्यायचा, घासून घासून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, बारीक ब्रशने मत्स्य, कूर्म, वराह रंगवायचे आणि शेवटी लाखेचा थर. हाताच्या तळव्यात मावणाऱ्या त्या चकतीवर राजाच्या अंगरख्याची किनारसुद्धा रंगवलेली असते, ती जवळ धरूनच बघावी लागते.

हे सगळं जवळजवळ संपलं होतं. १९७० च्या आसपास राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयस्कर कारागिराकडून ही विद्या समजून घेतली, नवीन मुलांना शिकवायला लावली आणि कामाला जागा दिली ती थेट दरबार हॉलमध्ये. संस्थान तर १९४८ मध्येच विलीन झालं होतं. विलीनीकरणानंतर कितीतरी वाडे कुलूप लागून पडले, पण इथे सिंहासनाच्या खोलीत कारागीर रंग कालवत बसले, आणि वाडा टिकला तो यामुळेच असं माझं स्पष्ट मत आहे. हॉटेल हा पुढच्या पिढीने त्याच कामाला दिलेला हातभार.

आता सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही आहे. लाकडी खेळण्यांसाठी चितार आळी चालत जाण्याएवढी जवळ आहे. कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्टेशन मात्र गावात नसून मळगावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते.