‘पिग्मॅलियन’च्या शेवटी लग्न नाही

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकाच्या अखेरीस फुले विकणारी एलायझा आणि तिला उच्चभ्रूंचे उच्चार शिकवणारे प्राध्यापक हिगिन्स यांचे सूत जुळते, हा समज चुकीचा आहे. १९१४ मध्ये लंडनच्या प्रयोगात हिगिन्स साकारणाऱ्या हर्बर्ट ट्री यांनी शेवटी एलायझाकडे फुले फेकून तसे सुचवले, त्यावर शॉ संतापले आणि १९१६ मध्ये त्यांनी उत्तरकथा जोडून तिचे लग्न तिच्यावर प्रेम करणाऱ्या फ्रेडी या तरुणाशी लावून दिले (तरीही समज टिकला, कारण १९३८ च्या चित्रपटाने पुन्हा गोड शेवटच सुचवला). नाटकातला खरा पेच वर्गाचा आहे: बोली बदलल्यावर एलायझाला रस्त्यावर फुले विकायला परतता येत नाही आणि उच्चवर्गीय स्त्रीसारखे जगायला पैसा नाही, तरी तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार हिगिन्सनी केलेलाच नसतो.