हंगामाच्या मध्यावरील प्रशिक्षकबदल (फुटबॉल)

साखळी सामने अर्धवट असताना, बहुधा लागोपाठच्या पराभवांनंतर, संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला दूर करून दुसऱ्याकडे संघ सोपवण्याची पद्धत. संघनिवड, सराव आणि डावपेच प्रशिक्षकाच्या हाती असतात. खेळाडूंचे करार आणि खरेदी मात्र भारतात बहुतांशी मालक आणि व्यवस्थापन ठरवतात. त्यामुळे संघबांधणीच चुकलेली असेल, तर कोच बदलून फारसे हाती लागत नाही. तरीही पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते, कारण हंगामाच्या मधोमध पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत, एक माणूस बदलता येतो.

युरोपात या बदलामागे मुख्यतः पदावनतीची भीती असते. खालच्या श्रेणीत घसरणे म्हणजे प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर पाणी सोडणे. इंडियन सुपर लीग या भारतातील प्रमुख फुटबॉल साखळीत २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत कोणताही संघ खाली गेला नाही, पण प्रशिक्षक मात्र वारंवार बदलले गेले. येथे दडपण असते ते बाद फेरीत जाण्याचे, मालकाच्या अपेक्षांचे आणि प्रेक्षकांच्या रागाचे. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल एरिनासारख्या छोट्या मैदानात तर गॅलरीतला शब्दन्‌शब्द राखीव खेळाडूंच्या बाकापर्यंत पोचतो.

बदलानंतर निकाल सुधारतात का, याचा नेदरलँड्समधील वरिष्ठ साखळीच्या आधारे झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. अर्थतज्ज्ञ बास तेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातील हकालपट्ट्या तपासल्या. प्रशिक्षक काढण्याआधी संघाची कामगिरी घसरते आणि नंतर सावरते, हे आकड्यांत स्पष्ट दिसले. मात्र तेवढीच घसरण होऊनही ज्या संघांनी प्रशिक्षक राखला, तेही तसेच सावरले होते. लागोपाठच्या पराभवांत दुखापती, चुकलेल्या पेनल्टी आणि खडतर वेळापत्रक यांचा वाटा असतो. तो वाईट काळ सरला की संघ आपल्या मूळ पातळीवर येतो आणि श्रेय नव्या माणसाच्या पदरात पडते. प्रशिक्षकबदलाची कोणतीही चर्चा या निष्कर्षापासून सुरू व्हायला हवी. प्रत्यक्षात ती पुढचा कोच कोण, येथून सुरू होते.

संयम राखण्याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले. २०१८-१९ च्या हंगामाच्या सुरुवातीला जोर्जे कोस्ता यांचा मुंबई सिटी संघ एफसी गोवाकडून ०-५ असा हरला. क्लबने कोस्ता यांना हात लावला नाही. १६ डिसेंबर २०१८ रोजी याच संघाने केरळा ब्लास्टर्सला ६-१ असे हरवले. मोदू सोगू यांनी एकट्याने चार गोल केले. दोन दिवसांत केरळाचे प्रशिक्षक डेव्हिड जेम्स पदावरून गेले. जेम्स स्वतःही त्याच वर्षीच्या जानेवारीत असेच हंगामाच्या मध्यावर आले होते. त्यांच्या जागी बाहेरून आलेल्या नेलो व्हिंगाडा यांना संघ वर काढता आला नाही आणि केरळा दहा संघांत नववा राहिला. मुंबई तिसरी आली.

याआधीचा, शहरातल्याच मुंबई एफसी या दुसऱ्या क्लबचा अनुभव कडवट आहे. २००७ मध्ये स्थापन झालेल्या, कूपरेजवर खेळणाऱ्या या क्लबला खालिद जमील यांनी अनेक वर्षे तुटपुंज्या बळावर आय-लीग या राष्ट्रीय साखळीत तगवून धरले. २०१६ मध्ये ते क्लबमधून बाहेर पडले. पुढच्या हंगामात संतोष कश्यप यांच्याकडे संघ आला. बराच काळ विजय मिळेना, म्हणून मार्च २०१७ मध्ये त्यांना काढून ऑस्कर ब्रुझोन यांना आणले गेले. संघ तरीही तळाला राहून खाली गेला आणि त्यानंतर क्लबच बंद पडला. त्याच हंगामात खालिद यांनी मिझोरमच्या ऐझॉल एफसीला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. मुंबई एफसीचे नुकसान मार्चमध्ये नव्हे, आदल्या वर्षीच झाले होते. मधल्या बदलाने ते भरून निघण्यासारखे नव्हते.

जे बदल फळले त्यांत एक समान धागा आहे. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने गेरार्द नुस यांना दूर केले, तेव्हा सूत्रे त्यांचे सहायक खालिद जमील यांच्याकडे आली. त्यानंतर साखळीत संघ एकदाही हरला नाही. ३० जानेवारीला त्याने अव्वल स्थानी असलेल्या मुंबई सिटीलाही २-१ असे नमवले आणि साखळीत तिसरे स्थान मिळवले. बाद फेरी गाठणारे खालिद हे सुपर लीगमधील पहिले भारतीय मुख्य प्रशिक्षक. त्याआधी, ३१ जानेवारी २०२० रोजी, एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना संघ गुणतालिकेत अव्वल असताना काढले होते. घडी विस्कटायला हवी होती, पण क्लबच्याच प्रशिक्षकवर्गातील क्लिफर्ड मिरांडा यांनी उरलेले तिन्ही साखळी सामने जिंकून, साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाला मिळणारी लीग शील्ड मिळवली. त्यांतला एक मुंबईविरुद्ध ५-२ असा होता. लोबेरा पुढच्याच हंगामात मुंबईत आले आणि त्यांनी २०२०-२१ मध्ये शील्ड आणि बाद फेरीतील विजेत्याचा चषक, असे दोन्ही जिंकले. त्यांच्यात खोट नव्हती, हे वर्षभरात सिद्ध झाले.

यांपैकी सर्वांत बोलके प्रकरण २०२३-२४ चे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या ब्रिस्टल सिटीने नायजेल पिअर्सन यांना काढले. त्यांच्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडचे लिअम मॅनिंग गेले, ऑक्सफर्डने नोव्हेंबरमध्ये मुंबई सिटीचे डेस बकिंगहॅम यांना नेले, आणि दूरच्या एका हकालपट्टीमुळे अंधेरीतील गतवर्षीचा शील्डविजेता संघ भर हंगामात प्रशिक्षकाविना उरला. बकिंगहॅम मूळचे ऑक्सफर्डचे, त्यामुळे त्यांना अडवणे अवघडच होते. मँचेस्टर सिटीसह अनेक देशांतील क्लबांची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा बहुसंख्य हिस्सा घेतला होता. ग्रुपने आपल्याच मेलबर्न सिटीतील सहायक प्रशिक्षक पीटर क्राट्की यांना डिसेंबरमध्ये पाठवले. बकिंगहॅमही पूर्वी तेथेच सहायक होते. खेळण्याची शैली आणि सरावाची पद्धत नव्या माणसाला आधीच ठाऊक होती. जानेवारीत ग्रेग स्टुअर्टसारखा मोहरा निघून गेला, तरी संघ कोलमडला नाही.

तिकडे कोलकात्यात मोहन बागानने जानेवारी २०२४ मध्ये हवान फेरांदो यांना दूर करून, क्लबमध्येच तांत्रिक संचालक असलेले जुने प्रशिक्षक आंतोनिओ लोपेझ हबास यांना पुन्हा बोलावले. साखळीच्या शेवटच्या सामन्यात त्यांनी मुंबईला २-१ असे हरवून शील्ड नेली. ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेकवरील अंतिम सामन्यात मुंबईने त्यांनाच ३-१ असे हरवून चषक जिंकला. दोन्ही अंतिम स्पर्धकांनी हंगामाच्या मध्यावर कोच बदललेले होते. या निकालावरून बदल लाभतो असे म्हणणे घाईचे ठरेल. खालिद, मिरांडा, क्राट्की, हबास या चौघांनाही क्लब किंवा त्याची पद्धत आधीपासून परिचित होती, हे यातले सार आहे. कोणाला काढावे यापेक्षा दुसऱ्या फळीत कोण तयार आहे, हा प्रश्न मोठा. आणि त्याचे उत्तर हंगामापूर्वीच तयार असावे लागते.

याला अपवाद आहेत. चेल्सीने जानेवारी २०२१ मध्ये फ्रँक लँपार्ड यांच्या जागी बाहेरून थॉमस टुखेल यांना आणले आणि मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. तेथे उत्तम खेळाडूंचा भरणा आधीपासून होता. याउलट साउदॅम्पटनने २०२४-२५ मध्ये रसेल मार्टिन यांना काढून इव्हान युरिच यांना आणले, तरी संघ १२ गुणांवर अडकून खाली गेला.

भारतात अडचणी आणखी आहेत. परदेशी प्रशिक्षकाचा व्हिसा आणि कामाचे कागद यांत दिवस जातात. पदासाठी वरच्या दर्जाचा परवाना लागतो. मैदानावरील परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असल्याने जुन्याने निवडलेले परदेशीच नव्याला चालवावे लागतात. खरेदीची मधली संधी सहसा फक्त जानेवारीत. शिवाय दोन सामन्यांमध्ये विमानप्रवास आणि विश्रांती वजा करता नवे डावपेच रुजवण्याइतका सराव होत नाही. म्हणून अनुभवी काळजीवाहू प्रशिक्षक पहिल्या आठवड्यात थोडेच करतो: बचावफळी मागे घेतो, कोपऱ्यावरच्या किक पुन्हा घोटून घेतो, बाजूला पडलेल्या एखाद्या ज्येष्ठ खेळाडूला परत संघात घेतो.

बदल टाळता येत नाही अशी परिस्थितीही असते. ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंनी प्रशिक्षकाचे ऐकणे सोडले असेल, दुखापतग्रस्तांना जबरदस्तीने खेळवले जात असेल किंवा वागणुकीच्या तक्रारी असतील, तर हंगाम संपण्याची वाट पाहणे हा खेळाडूंवर अन्याय आहे. अशा वेळी गुणतालिकेकडे बघायचे कारण नाही. संघ पहिला असला तरी निर्णय तोच राहतो.