अध्ययन शैली: प्रश्नावली आधी, पुरावा नंतर

काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, तर काही हाताने करून. शिक्षकाने आधी मुलाची शैली ओळखावी आणि मग पाठ तिच्याप्रमाणे बेतावा. शिक्षक प्रशिक्षणात 'अध्ययन शैली' म्हणून शिकवला जाणारा विचार थोडक्यात एवढाच. तो ऐकताक्षणी पटतो, परीक्षेत लिहायलाही सोपा जातो. पण ही तीन-चार खाती पाडली कोणी आणि कशाच्या आधारावर, हे विचारायचे राहूनच जाते.

पंचेंद्रियांचा शिक्षणात वापर ही कल्पना मुळात भलत्याच कामासाठी पुढे आली. ग्रेस फर्नाल्ड यांनी १९२१ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाचन न जमणाऱ्या मुलांसाठी एक शाळा चालू केली. त्यांच्या पद्धतीत मूल मोठ्या अक्षरात लिहिलेल्या शब्दावरून बोट फिरवायचे, फिरवता फिरवता तो मोठ्याने उच्चारायचे आणि मग न पाहता लिहून काढायचे. डोळा, कान, तोंड, हात सगळे एकाच वेळी कामाला. मारिया माँटेसरी यांची खरखरीत कागदाची अक्षरे याच जातीची. बोर्डी आणि नंतर कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पाने वापरून जी स्वस्त साधने घडवली, त्यांच्यामागेही हेच सूत्र होते. आपल्याकडे तर धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवणे त्याहून जुने. यातल्या कोणीही 'हे मूल हाताने शिकणारे, ते कानाने शिकणारे' अशी वाटणी केली नव्हती. इंद्रिये जोडायची होती, मुले वेगळी काढायची नव्हती.

वाटणीची सवय मानसशास्त्रातून आली. कार्ल युंग यांनी १९२१ मध्येच माणसांचे मानसिक प्रकार मांडले होते. पुढे हर्मन विटकिन यांनी अंधाऱ्या खोलीत, तिरक्या चौकटीतली काठी सरळ उभी करायला सांगून लोकांच्या आकलनाच्या 'शैली' मोजल्या. हे प्रयोगशाळेतले काम होते. वर्गात ते शिरले १९७० च्या दशकात, अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या रिटा आणि केनेथ डन या दांपत्याने प्रकाश, आवाज, तापमान, दिवसाची वेळ यांसकट विद्यार्थ्याच्या आवडीनिवडींची लांबलचक यादीच केली. डेव्हिड कोल्ब यांनी अनुभवातून शिकण्याच्या चक्रावरून चार प्रकारचे शिकणारे काढले. १९७९ मध्ये वॉल्टर बार्ब आणि रेमंड स्वॉसिंग यांनी दृक्, श्राव्य आणि कृती अशी सुटसुटीत विभागणी शिक्षकांपुढे ठेवली. प्रत्येक प्रारूपाबरोबर एक चाचणी आणि तिची हस्तपुस्तिका. अनेकांच्या बाबतीत ती विकत घ्यावी लागे, हेही या इतिहासात धरायला हवे.

सर्वांत दूर पोहोचली ती न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची 'व्हार्क' प्रश्नावली. फ्लेमिंग शाळा तपासनीस होते. उत्तम शिक्षक काही मुलांपर्यंत पोहोचत नाहीत आणि सुमार शिक्षक कधी कधी पोहोचतात, हे कोडे त्यांना वर्गांमागच्या बाकांवर बसून पडले. १९८७ मध्ये लिंकन विद्यापीठात काम करताना त्यांनी पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि करणे अशा चार पसंती शोधणारे काही प्रश्न तयार केले. १९९२ मध्ये कोलीन मिल्स यांच्यासोबत लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी सांगून टाकले की ही आणखी एक चाचणी नव्हे, विद्यार्थ्याने स्वतःकडे पाहावे म्हणून दिलेली चालना आहे. वाचणाऱ्यांनी शीर्षक सोडले आणि चाचणी तेवढी उचलली.

त्यात हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तेची भर पडली. ही मांडणी बुद्धीच्या प्रकारांविषयी होती, शिकवण्याच्या वाटांविषयी नव्हे. तरी दोन्ही एकाच तक्त्यात बसवण्याचा प्रघात पडला. अखेर २०१३ मध्ये गार्डनर यांनाच जाहीरपणे लिहावे लागले की बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययन शैली नव्हेत.

पुराव्याची मोठी झाडाझडती झाली ती एकविसाव्या शतकात. फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये मोजदाद केली, तर तब्बल ७१ प्रारूपे हाती लागली. त्यातली १३ बारकाईने पाहिली आणि बहुतेकांचा पाया कच्चा निघाला. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनिएल, डग रोहरर आणि रॉबर्ट बियोर्क यांनी त्याहून नेमका प्रश्न विचारला: शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो, हे सिद्ध करायला कसला प्रयोग लागेल? 'पाहणाऱ्या' आणि 'ऐकणाऱ्या' अशा दोन्ही गटांतल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन्ही पद्धतींत वाटायचे आणि शेवटी सर्वांची एकच परीक्षा घ्यायची. पाहणारे चित्रांनी पुढे गेले आणि ऐकणारे व्याख्यानाने, तरच दावा खरा. असे प्रयोग जेमतेम सापडले, आणि त्यांतही निकाल बहुतेक उलट होते. पुढे २०१५ मध्ये बेथ रोगोव्स्की यांच्या गटाने १२१ प्रौढांवर हेच करून पाहिले. काहींनी मजकूर ऐकला, काहींनी वाचला. आवडीचा आणि आकलनाचा मेळ दिसला नाही.

श्रद्धा मात्र ढळली नाही. सान्ने डेकर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये छापलेल्या पाहणीत ब्रिटनमधल्या ९३ टक्के आणि नेदरलँड्समधल्या ९६ टक्के शिक्षकांना शैलीनुसार शिकवणे उपयुक्त वाटत होते. एक कारण उघड आहे: पसंती खरोखरच असतात. कोणाला नकाशा आवडतो, कोणाला गोष्ट. आवडले म्हणजे अधिक कळले, ही उडी तेवढी चुकते. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. ज्या वर्गात एखाद्यावर 'ढ' असा शिक्का सहज बसतो, तिथे 'तो ढ नाही, त्याची शैली वेगळी आहे' असे म्हणणे माणुसकीचे होते. शिक्षकांनी ते मनापासून स्वीकारले ते यासाठी. पण शिक्का मवाळ झाला तरी शिक्काच; 'मी वाचून शिकणारा नाही' असे ठरवलेले मूल वाचन सोडून देते.

पाठ मुलाप्रमाणे बदलण्याची कल्पनाच मग चुकीची का? तसे नाही, आणि याचे उत्तर शैलींची लाट यायच्या आधीपासून शोधले जात होते. १९५७ मध्ये ली क्रॉनबॅक यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षपदावरून हाच प्रश्न मांडला: कोणत्या विद्यार्थ्याला कोणती पद्धत लागू पडते? वीस वर्षांनी रिचर्ड स्नो यांच्यासह त्यांनी मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात टिकून राहिलेला धागा डोळे-कानांचा नव्हता, तयारीचा होता. ज्यांची तयारी कमी, त्यांना पायरीपायरीने, शिक्षकाने बांधून दिलेले शिकवणे मानवते. ज्यांची जास्त, त्यांना मोकळीक.

मुंबईतल्या पालिका शाळांत नेमके हेच तपासले गेले. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांच्या 'प्रथम' संस्थेने वस्तीतल्याच तरुणींना दोन आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन 'बालसखी' म्हणून नेमले. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन त्या अंकओळख, अक्षरे, साधे वाचन घेत. मुलाची शैली कोणती, हे कोणी विचारले नाही. मुलाला काय येते, तेवढे पाहिले. मुंबई आणि बडोद्यातल्या या उपक्रमाचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून केलेल्या वाटपाने अभ्यास केला आणि २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी शाळांचे सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते मोजणारे माप) वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने, आणि ही वाढ प्रामुख्याने बालसखीकडे गेलेल्या मुलांमुळे होती.