परत आलेली फडफड

उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी ठेवा आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचा ताल बिघडण्याचा आजार, असेल तर नाडीचा ताल लागतच नाही. दोन ठोके लगोलग येतात, मग लांब खंड पडतो, मग एक ठोका इतका बारीक की बोटाला जेमतेम कळावा.

या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला ३५० ते ६०० विद्युत लहरी उसळतात आणि कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. खाली जाणाऱ्या वाटेवर एव्ही नोड नावाचा नाका आहे. तो बहुतेक लहरी अडवतो म्हणून निभावतं.

रुग्ण खरा खचतो तो हे दुखणं परतल्यावर. शॉक देऊन ताल जागेवर आला, सहा महिने बरे गेले आणि एका पहाटे छातीत पुन्हा पाखरू फडफडू लागलं. "म्हणजे उपचार फुकट गेले का, डॉक्टर?" हा प्रश्न ऐकताना वाईट वाटतं, कारण परतणं हा या आजाराचा स्वभावच आहे.

का परततो, याचं एक उत्तर शेळ्यांनी दिलं. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्त इथे अलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांच्या हृदयात फिब्रिलेशन पुन्हापुन्हा सुरू करून पाहिलं. सुरुवातीला ते काही सेकंदांत आपोआप थांबे. दोन-तीन आठवड्यांत मात्र बहुतेक शेळ्यांत ते चोवीस तास उलटले तरी थांबेना. १९९५ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: फिब्रिलेशनच फिब्रिलेशनला जन्म देतं. प्रत्येक झटका पुढच्या झटक्यासाठी वाट मळून ठेवतो. ठिणगी कुठे पडते, ते १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या हायसागेर यांनी दाखवलं. फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी! आजचं अ‍ॅब्लेशन म्हणजे मुख्यतः या तोंडांभोवती चट्टा उठवून लहरींची वाट तोडणं. चट्ट्यात कुठे फट राहिली तर वाट पुन्हा जुळते आणि दुसऱ्यांदा अ‍ॅब्लेशन करावं लागू शकतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांतली धडधड मात्र बऱ्याचदा सुजेमुळे असते. तेवढ्यावरून अपयशाचा शिक्का मारायचा नसतो.

धडधड परतली की डॉक्टरांनी आधी बघायचं ते गुठळीचं. थरथरत्या डाव्या कप्प्याच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात रक्त साचतं, गोठतं, आणि गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू. त्याचा धोका अशा रुग्णांत साधारण पाचपट असतो. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची दुर्बलता, पूर्वीचा अर्धांगवायूचा झटका यांचा हिशेब करून रक्त पातळ ठेवणारी गोळी ठरते. धडधड थांबली म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अ‍ॅस्पिरिन तिची जागा घेऊ शकत नाही.

लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही भेटतात. त्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांपेक्षा वॉर्फरिनसारखी जुनीच औषधं हितकर, असं २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. ही औषधं घेणाऱ्याने आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासत राहावं. पालेभाजीने या औषधांचा परिणाम कमी होतो. म्हणून ती सोडायची गरज नाही, पण आठवडाभर मेथी-पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं करू नये.

तालासाठी औषधं आहेत. अमिओडॅरोन त्यांत जोरकस, पण थायरॉईड, यकृत आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवावं लागतं. निदानानंतर वर्षभराच्या आत ताल सावरण्याचे उपचार सुरू केले तर फायदा होतो, हे २०२० मध्ये युरोपातल्या अभ्यासाने दाखवलं.

आणि ज्याकडे सगळ्यात दुर्लक्ष होतं, ते घरात असतं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या डॉक्टरांना दिसलं की ज्यांनी दहा टक्के वजन उतरवून ते टिकवलं, त्यांचा ताल कितीतरी अधिक टिकला. तिथेच मेलबर्नच्या चाचणीत दारू सोडायला सांगितलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना सहा महिन्यांत त्रास परतला, चालू ठेवणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना. रात्री घोरताना श्वास अडत असेल, तर तेही पत्नीने किंवा पतीने डॉक्टरांच्या कानावर घालावं. रुग्णाला स्वतःला ते कळत नाही.

पुढच्या वेळी फडफड सुरू झाली की ती चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. चक्कर, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा हातातली ताकद जाणं असेल तर थेट मोठं रुग्णालय गाठा. एरवी वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं आणि त्याआधी काय चाललं होतं ते लिहा आणि ती वही, ती ईसीजीची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा.