पणजीचं लग्न मोडायचं का?

एकाच घरातल्या बायकांच्या चार-पाच पिढ्या आणि त्यांच्यात मागेपुढे फिरणारी एक लेक, अशी कालप्रवासाची कादंबरी नागपूरच्या घरावर लिहायची झाली, तर तिच्यामागे बराच इतिहास उभा आहे. त्याचंच हे टिपण.

कालप्रवास म्हटला की बोलणं यंत्रापासून सुरू होतं. एच. जी. वेल्स यांची 'द टाइम मशीन' 1895 साली आली आणि काळात जायला वाहन लागतं ही कल्पना रुळली. आपल्याकडची गोष्ट त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि ती एका मुलीमुळे घडते. भागवतात राजा ककुद्मी रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तिच्यासाठी वर कोण पाहावा हे विचारायला. तिथे गाणं चाललेलं असतं म्हणून क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात. मनात धरलेले वर गेले, त्यांची मुलं-नातवंडं गेली, गोत्रांची नावंही कानी येईनाशी झाली. शेवटी रेवती बलरामाला दिली जाते, म्हणजे आपल्या विदर्भाच्या रुक्मिणीची जाऊ होते. एवढा काळ ओलांडून आलेल्या या बाईला गोष्टीत कुणी काही विचारत नाही, आणि तीही एक शब्द बोलत नाही. मला हे फार खटकतं.

मराठीत ही वाट जयंत नारळीकरांनी मोकळी केली. 1974 साली त्यांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेल्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये त्यांनी मराठे पानिपत जिंकले असते तर, हा प्रश्न घेतला. तो प्रश्न रणांगणाचा होता. घरातल्या बायकांचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो अमेरिकेत ऑक्टेव्हिया बटलर यांनी 1979 साली 'किंड्रेड'मध्ये विचारला. 1976 मधली एक कृष्णवर्णीय तरुणी पुन्हापुन्हा एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडमध्ये ओढली जाते. तिथे एका गुलामांच्या मालकाचा जीव तिला वाचवत राहावं लागतं, कारण त्याच्यापासून तिची पूर्वज जन्मणार आहे. कादंबरीत यंत्र नाही. आहे ते घरातल्या बायबलवर लिहून ठेवलेल्या नावांचं ओझं.

आपल्याकडे तेवढी नावंही बहुधा नसतात. वंशावळ काढून बघा: बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बाईचं आडनाव लग्नात जातं, पुष्कळ घरांत पहिलं नावही जायचं. चार पिढ्या मागे गेलं की पणजीचं माहेरचं नाव सांगणारं कुणी सापडत नाही. म्हणून बायकांच्या पिढ्यांची गोष्ट सांगताना कालप्रवास मला चमत्कृती वाटत नाही. कागद जिथे संपतो, तिथून पुढे जायला लेखिकेच्या हाती तेवढाच रस्ता उरतो.

अपवाद मात्र नागपूरच्या शेजारीच आहे. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन. इथून सोळाशे वर्षांपूर्वी राणी प्रभावतीगुप्ता अल्पवयीन मुलाच्या नावाने राज्य चालवत होती. तिच्या ताम्रपटातली वंशावळ सासरच्या वाकाटकांपासून सुरू होत नाही, माहेरच्या गुप्तांपासून होते. नागकुळातल्या आईचं, कुबेरनागेचं, नाव ती घालते आणि गोत्रही माहेरचंच, धारण, सांगते. राणी होती म्हणून तिला तांब्यावर लिहिता आलं, हे खरंच. पण लिहिता येताच तिने आईचं नाव लिहिलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

राणी असूनही आठवण सरळ राहत नाही, हे बांकाबाईंकडे पाहून कळतं. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले आणि डलहौसीने वारस नाही म्हणून नागपूरचं राज्य खालसा केलं. दुसऱ्या रघुजींच्या या म्हाताऱ्या विधवेने त्याला विरोध केला, वकील थेट लंडनपर्यंत धाडले. 1857 मध्ये मात्र त्यांनी आपल्या माणसांना उठावापासून दूर ठेवलं. शहराच्या लक्षात राहिली ती दुसरी बाजू. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत निघणारा काळ्या मारबतीचा पुतळा म्हणजे फितूर बांकाबाई, असंच इथे पिढ्यानपिढ्या सांगतात. ही मारबत 1881 पासूनची मानली जाते. तोवर बांकाबाईंना जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती. कादंबरीतल्या मुलीला 1854 च्या वाड्यात नेऊन त्या बाईसमोर बसवलं, तर दरवर्षी जाळल्या जाणाऱ्या पुतळ्याविषयी ती काय बोलेल?

पण खरा पेच याहून साध्या घरात आहे. आज तिशीत असलेल्या नागपूरकर मुलीची पणजी साधारण 1919 च्या आसपासची. शारदा कायदा 1929 साली झाला, 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला, आणि मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरलं. त्याआधीच्या महिन्यांत देशभर लग्नांची घाई उडाली. कायदा लागायच्या आत लहान मुली उजवून टाकल्या गेल्या. आता आपली नायिका 1930 च्या मार्चमध्ये पोचते. समोर मांडव आहे, अंगाला हळद लागलेली अकरा वर्षांची पोर आहे. लग्न मोडलं तर पोर वाचते, पण नायिकेची आजी, आई आणि ती स्वतः, कुणीच जन्माला येत नाही. कालप्रवासाच्या कथांमध्ये जुनं कोडं भूतकाळात जाऊन आजोबांना मारण्याचं: मग आपण जन्मलोच कसे? आपल्याकडच्या बायकांचं कोडं पणजीला वाचवण्याचं आहे, आणि ते सोडवणं कितीतरी कठीण, कारण इथे प्रेमच आड येतं.

याला नागपूरच्या इतिहासात एक उत्तर आहे. 20 जुलै 1942 रोजी इथल्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, समोर वीस-पंचवीस हजार बाया, आणि त्यांच्यापुढे बोलायला बाबासाहेब आंबेडकर. त्याआधी वीस वर्षं, 1922 मध्ये, हमाली केलेल्या जाईबाई चौधरींनी मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली होती, म्हणजे ही गर्दी एका रात्रीत जमलेली नव्हती. परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाहून जास्त बायका करण्याची चाल बंद करा म्हटलं, गिरण्यांत बायांच्या कामावर बाईच देखरेखीला नेमा अशीही मागणी केली. 1877 पासून एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकणाऱ्या शहरात ही शेवटची मागणी कुठून आली, हे सांगायला नको. घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात आली ती 1955 मध्ये, तेरा वर्षांनी.

हे आज आपल्याला तपशिलात कळतं, कारण उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून, बोलतं करून 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं.

मार्च 1930 मध्ये मांडवात बसलेली ती पोर चळवळीतल्या अशाच एखाद्या घरातली असेल, तर 1942 मध्ये ती तेवीस वर्षांची आहे. मोहन पार्कातल्या गर्दीत मूल कडेवर घेऊन ती घटस्फोटाच्या ठरावाला हात वर करू शकते. नायिकेने बारा वर्षं आधी लग्न मोडलं, तर तो हातही पुसला जाईल. म्हणून नागपूरच्या कादंबरीकाराला पहिल्या पानाआधीच ठरवावं लागेल, की आपल्या मुलीला मांडवात उतरवायचं की परिषदेत.