किती गेलं अंगावरून?

बाळ रडलं की लेबर रूममधल्या सगळ्या माना बाळाकडे वळतात. बाळंतिणीबद्दलचा खरा प्रश्न नेमका त्याच वेळी विचारायचा असतो: अंगावरून किती गेलं? त्यावर ‘नेहमीसारखंच’ किंवा ‘जरा जास्त’, एवढंच उत्तर आजवर मिळत आलं. भिजलेली चादर आणि लाल झालेले बोळे बघून बांधलेला तो अंदाज. रक्त कापडात मुरतं, गर्भजलात मिसळतं, त्यामुळे अंदाज बहुतेकदा कमीच निघतो.

दिवस भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास रक्त मिळत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि तीच तोंडं दाबून बंद करतात. म्हणून बाळंतपणानंतर पोटावर हात ठेवला तर गर्भाशय क्रिकेटच्या चेंडूसारखं टणक लागलं पाहिजे. लिबलिबीत लागलं, की घड्याळाकडे बघायची वेळ आली. जगभरात दरवर्षी सुमारे ४५,००० बायका या रक्तस्रावाने दगावतात.

यावरचं अलीकडचं सगळ्यात मोठं काम ‘ई-मोटिव्ह’ या चाचणीचं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली सुमारे ८० रुग्णालयं, दोन लाखांवर बाळंतपणं. निष्कर्ष २०२३ साली आले. बाळंतिणीच्या कमरेखाली नरसाळ्यासारखी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी पसरायची, तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. रक्त धोक्याच्या रेघेला टेकलं, की पोटावरून गर्भाशय चोळणं, ते आवळणारं औषध, रक्ताची गुठळी विरघळू न देणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाईन आणि तपासणी, हे सगळं एकदमच सुरू. आधी एक उपाय करून बघू, नाही जमलं तर दुसरा, ही जुनी रीत बंद. तुलनेच्या रुग्णालयांतही पिशवी होती, फक्त तिच्यावर रेघा नव्हत्या. तिथे अतिरक्तस्राव निम्म्याच बायकांमध्ये वेळेवर ओळखला गेला. रेघा आणि प्रशिक्षण मिळालेल्या ठिकाणी ९३ टक्के. लिटरभराहून जास्त रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

अशी मापाची पिशवी आपल्या शेजारच्या बेळगावच्या खेड्यांत वीस वर्षांपूर्वीच वापरली गेली होती. गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने बाळंतिणीचा रक्तस्राव कमी होतो का, हे तिथे १,६२० बायकांमध्ये तपासलं जात होतं. नर्सबाईंच्या नजरेवर विसंबून ते ठरणार कसं? म्हणून ही पिशवी. गोळीने अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून साडेसहापर्यंत खाली आणला. २००६ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात गोळीचं कौतुक झालं. पिशवीकडे जगाचं लक्ष जायला इतका वेळ लागावा, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचंही तसंच. उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते जपानमध्ये १९६०च्या दशकात शोधलं. बाळंतिणींना पहिल्या तीन तासांत दिलं तर जीव वाचतात, हे सिद्ध झालं २०१७ साली. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या होत्या.

आता धोक्याची रेघही खाली सरकली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या सूचनांनुसार ५०० मिलिलिटरची वाट बघायची नाही. ३०० झालं आणि नाडी शंभराच्या वर गेली किंवा रक्तदाब घसरला, तर उपचार लगेच सुरू. आपल्याकडे निम्म्याहून अधिक गरोदर बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी असतं. त्यांच्यासाठी हे दोनशे मिलिलिटर म्हणजे चहाचे दोन कप नव्हेत.